तेरा दिवसांनी ज्युनियर

सुभेदार इंद्रजित वाहाने लंडन सोडून लेस्टरला लेकाकडे राहायला चालले, ही बातमी चंदाबाईंना मंगळवारी सकाळी दहाला कळली. सव्वादहाला त्यांनी फोन ठेवला, गॅसवरचा कुकर विसरल्या आणि टोस्टला शेंगदाण्याची चटणी लावत बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, आता झाकण कोण काढणार?"

"कुकरचं?" सुभाषराव म्हणाले, कारण शिट्ट्या चार झाल्या होत्या.

"बडाखान्याचं!"

सुभाष नंदेश्वर, निवृत्त हवालदार, यांनी सुरी खाली ठेवली. बायकोच्या कोणत्या आवाजाला हसायचं आणि कोणत्या आवाजाला सावधान उभं राहायचं, एवढं पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना नक्की कळायला लागलं होतं. हा दुसरा आवाज होता.

बडाखाना म्हणजे फौजेतली मोठी पंगत. त्या दिवशी साहेब लोक जवानांना स्वतःच्या हाताने वाढतात. पश्चिम लंडनमध्ये फौजेतून निवृत्त झालेली आपली अकरा मराठी घरं होती. कुणी हीथ्रोच्या कार्गोत नोकरी मिळाली म्हणून आलेलं, कुणी लेकासुनेच्या मागोमाग. ही अकरा घरं दर ऑक्टोबरात ईलिंगच्या एका हॉलमध्ये जमून बडाखाना करायची. त्यांच्यात साहेब कुणीच नव्हता, म्हणून त्यांनी आपला एक नियम करून घेतला होता. हजर असलेल्यांत जो सगळ्यात सीनियर, त्याच्या बायकोने मटणाच्या पातेल्याचं झाकण काढायचं आणि पहिला डाव वाढायचा. गेली सोळा वर्षं हा मान सुभेदारांच्या राजश्रीताईंकडे होता आणि त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

पण सुभेदारांच्या खाली हवालदार दोन होते. एक आमचे सुभाषराव, राहणार हाउन्सलो. दुसरे रघुवीर भालशंकर, राहणार पिनर. दोघं एकाच पलटणीतले, एकाच वर्षी हवालदार झालेले आणि तेव्हापासून एकमेकांचे जिवलग. रघुवीरांच्या बढतीची तारीख कागदोपत्री एक एप्रिल १९८८. सुभाषरावांची चौदा एप्रिल १९८८. म्हणजे तेरा दिवसांनी रघुवीर सीनियर. आणि फौजेत एका दिवसाने सीनियर असला तरी तो पुढे उभा राहतो. त्याची बायकोही.

हे "त्याची बायकोही" चंदाबाईंना सदतीस वर्षं टोचत होतं. तेव्हा नवरे दूर सरहद्दीवर आणि बायका-पोरं कामठीच्या फॅमिली क्वार्टरात, असा प्रकार होता. महिन्यातून एकदा बायकांची वेल्फेअर मीटिंग असायची, आणि सतरंजीवर बसायचं ते नवऱ्याच्या सीनियॉरिटीने. अठ्ठ्याऐंशीच्या जूनपासून रघुवीरांची सुलक्षणा चंदाबाईंच्या एक जागा पुढे बसायला लागली. चहा आधी तिला. शिवणयंत्रावर नंबर आधी तिचा. कर्नलसाहेबांच्या बाई आल्या तर हार घालायला तीच. चंदाबाईंनी तीन वर्षं सुलक्षणाचा अंबाडा मागून पाहिला. त्यात आकडे किती असतात हेही त्यांना पाठ झालं होतं.

आणि संतापाची गोष्ट म्हणजे हे सगळं मुळातच चुकीचं होतं! सुभाषरावांच्या बढतीची ऑर्डर तेवीस मार्चची होती. तसं त्यांनी आधीच पत्रातून कळवलेलं आणि ते पत्र चंदाबाईंनी आजतागायत सांभाळलेलं. म्हणजे न्यायाने बघितलं तर सुभाषराव रघुवीरांहून नऊ दिवसांनी सीनियर. मग ही चौदा एप्रिल आली कुठून? चंदाबाईंनी त्याच जूनमध्ये नवऱ्याला पत्राने विचारलं होतं, आणि उलट टपाली उत्तर आलं होतं की क्लर्कच्या हातून झालं असावं.

झालं! तेव्हापासून तो कधी न पाहिलेला क्लर्क चंदाबाईंच्या तावडीत सापडला तो सापडलाच. दूध उतू गेलं तरी क्लर्क आठवायचा, पिकॅडिली लाइनची गाडी बंद पडली तरी क्लर्क आठवायचा. "जयंतीच्या दिवशी ऑफिसात बसवलं असेल मेल्याला," असं त्यांचं ठाम मत होतं. "मग रागारागात समोर दिसली ती तारीख ठोकून दिली."

"ते काही नाही," त्या आता म्हणाल्या. "रेकॉर्ड दुरुस्त करून घ्यायचं. बडाखान्याच्या आत."

"चंदा, अगं, पेन्शनीत काही फरक पडत नाही त्याने."

"पेन्शन कोण मागतंय? मी तारीख मागतेय."

सुभाषराव पुन्हा चटणीकडे वळले. त्यांचा चेहरा जरासा उतरला होता, पण ते बघायला चंदाबाईंना फुरसत कुठे होती? कुकर सातव्या शिट्टीला पोचला होता.

लेक मृणाल कौन्सिलमध्ये कामाला होती, म्हणजे लोकांचे फॉर्म भरून घेणं हाच तिचा धंदा. बारा वर्षांची असताना ती इथे आली होती आणि आता तिच्या मराठीत निम्मं इंग्रजी घर करून बसलं होतं. शनिवारी तिने लॅपटॉप उघडला.

"ओके आई, लिसन. बाबांचं डिस्चार्ज बुक स्कॅन करायचं, ते तेवीस मार्चवालं लेटर अटॅच करायचं आणि रीझन फॉर करेक्शन लिहायचं. पण पोलाइटली. 'त्या मुडद्या क्लर्कने' असं नाही लिहिता येणार."

"मग 'सदर मुडद्या क्लर्कने' लिही."

"आई!"

डिस्चार्ज बुक मात्र सापडेना. चार दिवस घर पालथं घातलं. पाचव्या दिवशी ते वीटाबिक्सच्या खोक्यामागे सापडलं, आणि घरात वीटाबिक्स फक्त सुभाषराव खायचे. "काय की बाप्पा, तिथे कसं गेलं," ते म्हणाले आणि लगेच फिरायला निघून गेले. मग त्यांचा चष्मा हरवला. चष्मा मिळाला तर त्यांना शंका यायला लागल्या. इतकं जुनं रेकॉर्ड आता कुठे असेल, वाळवी लागली असेल, तिकडे सुट्ट्या असतील.

"बाबा, तुम्हाला हे करायचंच नाहीये का?" मृणालने एकदा सरळ विचारलं.

"तुझ्या आईला करायचंय नं," सुभाषराव म्हणाले आणि सही करून मोकळे झाले.

अर्ज गेला त्या दिवसापासून चंदाबाई हवेतच होत्या. अकरापैकी नऊ घरांत त्यांनी स्वतः फोन केले. "अजून ऑफिशियल काही नाही हं," अशी सुरुवात करायची आणि अर्ध्या तासाने झाकणापाशी पोचायचं. साउथॉलला जाऊन निळी सिल्कची साडी आणली. मंडळाचं ते भलंमोठं पातेलं सेक्रेटरी चंद्रशेखरच्या शेडमध्ये असायचं, ते "घासून ठेवते" म्हणून गाडीत घालून घरी आणवलं आणि मागच्या गार्डनमध्ये झाकण काढायची प्रॅक्टिस सुरू केली. झाकण कसं तिरकं करायचं म्हणजे वाफ आपल्या तोंडावर येणार नाही, मग डाव्या हातातून उजव्या हातात कसं घ्यायचं, लोकांकडे बघून किती हसायचं. शेजारच्या मिसेस डॉयल कुंपणावरून हा रिकाम्या पातेल्याचा सोहळा बघत होत्या. चौथ्यांदा झाकण निघालं तेव्हा त्यांना राहवेना आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. चंदाबाईंनी मान लववून त्यांचे आभार मानले.

सगळं असं छान चाललेलं असताना सुलक्षणाचा फोन आला.

"चंदा, अगं कळलं मला. त्यात अर्ज कशाला करायचा? तूच काढ की झाकण. माझा तर खांदा पण दुखतोय."

दुसरी कुणी असती तर थँक यू म्हणून मोकळी झाली असती. चंदाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "नको गं बाई," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तुझा मान मी कशाला घेऊ? माझा असेल तर माझ्याकडे येईलच." फोन ठेवून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलंत? मोठेपणा दाखवते! सदतीस वर्षं पुढे बसली आणि आता म्हणे खांदा दुखतो. मला असं दिलेलं नकोय. मला ते हक्काने पाहिजे, कागदावर, शिक्क्यासकट."

सुभाषराव काहीतरी बोलणार होते. त्यांनी तोंडसुद्धा उघडलं होतं. पण चंदाबाई झाकणाकडे गेल्या होत्या.

बडाखाना शनिवारी होता. रेकॉर्ड ऑफिसची ई-मेल आली ती आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी. मृणाल लॅपटॉप काखेत मारून तशीच आई-बापांकडे आली. चंदाबाईंनी चहा टाकला, गॅस बंद केला, पुन्हा पेटवला. शेवटी चहा राहू दे म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. सुभाषराव खिडकीपाशी उभे होते.

"सहा पानं आहेत," मृणाल म्हणाली. "मी मराठीत सांगते. आपली विनंती मिळाली. मूळ नोंदी तपासल्या. तर तेव्हा नाईक हुद्द्यावर असलेले सुभाष नंदेश्वर यांच्या बढतीची ऑर्डर २३ मार्च १९८८ रोजी निघाल्याचं आढळतं..."

"आढळतं!" चंदाबाई ओरडल्या. "आढळतं म्हणाले! अहो, ऐकलंत का?"

"आई, थांब. वाक्य संपलं नाहीये. आढळतं, परंतु सदर नाईकाने स्वतः अर्ज करून फिती लावण्याची तारीख १४ एप्रिलपर्यंत पुढे ढकलून मागितली. ती मंजूर झाली. सीनियॉरिटी फिती लावल्याच्या तारखेपासून धरली जाते. अर्ज आणि अर्जासोबत जोडलेलं पत्नीचं पत्र यांच्या प्रती सोबत पाठवत आहोत."

"कुणाच्या पत्नीचं?" चंदाबाईंनी विचारलं.

मृणालने पान पुढे सरकवलं. स्क्रीनवर एक अंतर्देशीय पत्र आलं. कोपऱ्यात गोल शिक्का, खाली कुणाची तरी आखीव सही आणि वर फाइलचा नंबर, मोत्यासारख्या अक्षरात. आणि मधे, शाई फुटलेलं, ओळी वर चढत गेलेलं दुसरं अक्षर. ते अक्षर ओळखायला चंदाबाईंना चष्मा लागला नाही. ते त्यांचं स्वतःचं होतं.

मृणाल वाचायला लागली. मराठी वाचताना ती जरा अडखळायची, त्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता.

"'कामठी, दहा मार्च. अहो, जय भीम. तेवीस तारखेला तुम्हाला हवालदाराच्या तीन फिती मिळणार हे वाचून मी क्वार्टरातच नाचले. नाचताना मृणाल कडेवरून पडली.' ...व्हॉट? मी पडले?"

"गादीवर पडलीस. काही झालं नव्हतं. पुढे वाच."

"'पण माझं एक ऐका. फिती लगेच लावू नका. चौदा एप्रिलला लावा. ज्यांच्यामुळे आपल्या माणसांच्या अंगावर ही वर्दी आली, त्या बाबासाहेबांच्या जयंतीला तुमच्या बाहीवर फिती चढाव्यात अशी माझी फार इच्छा आहे. साहेबांनी विचारलं तर बायकोचा हट्ट आहे म्हणून सांगा. आणि बावीस दिवसांनी काय बिघडतंय?'"

चंदाबाई स्क्रीनच्या अगदी जवळ सरकल्या.

"बावीस दिवसांनी काय बिघडतंय," मृणालने पुन्हा वाचलं, काही गरज नसताना.

"हे मी लिहिलंय?"

"खाली सही आहे. 'तुमचीच, चंदा.'"

चंदाबाईंनी आठवून बघितलं. आठवड्याला दोन पत्रं लिहायच्या त्या दिवसांत त्या, वर्षाला शंभर. कुठल्या पत्रात काय हट्ट केला ते कोण लक्षात ठेवतं? पण "अहो, जय भीम" ही सुरुवात त्यांचीच होती, आणि नाचताना लेक पडली होती तेही खरं होतं. त्यांच्या कानशिलांना ऊन ऊन लागायला लागलं. नऊ घरं. नऊ घरांत फोन केले होते त्यांनी.

"आणि त्या क्लर्कने," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "हे माझं पत्र फाइलला लावून ठेवलं?"

"नंबर घालून," मृणाल म्हणाली. "आई, ही इज द बेस्ट क्लर्क इन द वर्ल्ड."

आधी मृणालच्या नाकातून आवाज निघाला. मग चंदाबाईंचे खांदे हलायला लागले. मग दोघी अशा हसत सुटल्या की मृणालने लॅपटॉप मांडीवरून टेबलावर ठेवला, आणि चंदाबाई खुर्चीवरून घसरून पदराने डोळे पुसत खाली बसल्या. "सदतीस वर्षं!" त्या म्हणायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. "सदतीस वर्षं शिव्या घातल्या त्या सोन्यासारख्या माणसाला!"

खिडकीपाशी सुभाषराव तेवढे हसत नव्हते.

"अजून एक पान आहे," मृणाल डोळे पुसत म्हणाली. "शेवटचं. हा उशीर स्वतःच्या इच्छेने नाही, नोकरीच्या कारणाने झाला, असं बाबांनी लिहून दिलं तर ते फेरविचार करतील. फॉर्म जोडलाय. सही केली की तेवीस मार्च मिळू शकेल."

चंदाबाईंचं हसू थांबलं. "म्हणजे उशीर माझ्या सांगण्यावरून नव्हता असं म्हणायचं?"

"टेक्निकली, खोटं बोलायचं."

खरं सांगायचं तर चंदाबाईंना मोह झाला. चांगला दोन मिनिटं झाला. निळी साडी इस्त्री करून पलंगावर ठेवलेली होती. मृणालला मेल पाठवायला कितीसा वेळ लागतो? उद्या हॉलमध्ये नुसतं "फेरविचार चाललाय" म्हटलं तरी पुरलं असतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "करता का सही?"

सुभाषराव खिडकीपासून आले. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, चष्मा लावला. ना एक प्रश्न, ना एक उसासा. मृणालने फॉर्म प्रिंट करून समोर ठेवला, आणि ते खरोखरच सही करायला खाली वाकले. जन्मात कुणाला खोटी पावती न दिलेला माणूस बायको म्हणाली म्हणून खोटी सही करायला वाकला, हे बघून चंदाबाईंनी फॉर्मवर हात ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा आधी. खरं सांगा."

सदतीस वर्षांत तारखेबद्दल त्यांच्या हजार गोष्टी बोलून झाल्या होत्या. हे मात्र त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

सुभाषरावांनी पेन तसंच हातात धरलं. "एक एप्रिलला रघुवीरने फिती लावल्या," ते म्हणाले. "स्टोअरच्या दारात. तो नि क्लर्क, दोघंच. चहा प्यायला आणि ड्यूटीवर गेला. मी आपला दोन फितींतच. पोरं चिडवायची, नंदेश्वरला घरून हुकूम यायचाय म्हणून. मग चौदा तारीख आली. जयंतीची सगळी पलटण मैदानात, त्या उंच सरहद्दीवर एप्रिलातही थंडी अशी की बोटं वळत नव्हती. साहेबांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली नि मला पुढे बोलावलं. म्हणाले, हा जवान आजच्या दिवसासाठी बावीस दिवस थांबलाय. आणि स्वतःच्या हाताने फिती लावल्या. आठशे माणसांनी टाळ्या वाजवल्या, चंदा. सगळ्यात जोरात रघुवीरने."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. बोलायची सवय नव्हती त्यांना इतकी.

"अख्ख्या फौजेत कितीजणांच्या कागदावर ती तारीख असेल? माझ्या आहे. ती तेवढी काढून घेऊ नकोस."

"मग त्या वेळी मला सांगितलं का नाही? क्लर्क क्लर्क काय लावलं होतं?"

"जूनमध्ये तुझं पत्र आलं, सुलक्षणा पुढे बसली म्हणून. किती चिडली होतीस. तूच सांगितलं होतंस असं लिहिलं असतं तर रडत बसली असतीस तिथे एकटी. म्हणून लिहिलं क्लर्क. पुढे मग क्लर्कच राहिला बिचारा."

चंदाबाईंना रडू आलं. हसून हसून आधीच ओल्या झालेल्या पदराला ते पुसता येईना, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या शर्टाला डोळे पुसले. मग फॉर्म घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि ते रीसायकलिंगच्या डब्यात नीट टाकले.

"मृणाल, लिही त्यांना. तारीख बरोबर आहे. काही दुरुस्त करू नका. आणि त्या क्लर्कसाहेबांना माझा सप्रेम जय भीम, जिथे असतील तिथे."

"आई, ऑफिशियल मेलमध्ये असं..."

"लिही म्हणते ना."

शनिवारी ईलिंगच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली होती. पातेलं टेबलावर चढवलेलं, खालून मंद आच, मटणाचा वास थेट पार्किंगपर्यंत पसरलेला. चंदाबाई निळी साडी नेसून आत आल्या तशी बायकांनी वाट करून दिली. नऊ घरांत फोन गेले होते ना! सुलक्षणा पातेल्यापाशी उभी होती, तीही बाजूला सरकली. "ये चंदा," म्हणाली. चंदाबाईंनी मान हलवली आणि सरळ चंद्रशेखरच्या हातातला माइक घेतला.

"मला एक गुन्हा कबूल करायचा आहे," त्या म्हणाल्या आणि पत्र वाचायला लागल्या.

मृणाल कडेवरून पडली तिथे पहिला हशा पिकला. "बायकोचा हट्ट आहे म्हणून सांगा" ला रघुवीरांनी मांडीवर थाप मारली. बावीस दिवसांनी काय बिघडतंय, हे वाचल्यावर हॉलमध्ये जो गोंधळ उडाला तो पुढे पाच मिनिटं आवरेना. चंद्रशेखर भिंतीला टेकून हसत होता, वाढायला निघालेल्या एकीने कोशिंबिरीचं भांडं कुणाच्या तरी हातात दिलं आणि पोट धरून खाली बसली. "टाळ्या मीच वाजवल्या होत्या जोरात!" रघुवीर सगळ्यांना सांगत सुटले होते. "मला सगळं माहीत होतं! यानं शपथ घातली होती मला!" सुभाषराव लाजून पाण्याचे ग्लास भरत होते. तीन ग्लास वाहून गेले.

"तर झाकण सुलक्षणाचं," चंदाबाई म्हणाल्या. "हक्काचं. चल गं, भूक लागलीय सगळ्यांना."

सुलक्षणाने झाकण काढलं. वाफ तिच्या तोंडावर आली, कारण तिने काही प्रॅक्टिस केली नव्हती. तिने डाव हातात घेतला, पातेल्यात घातला आणि तशीच उभी राहिली.

"किती ऐकलं गं तुझं त्यांनी," ती हळूच म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या चंदाबाईंच्या हातात माइक अजून सुरू होता, त्यामुळे तिचं हळूच बोलणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "आमच्या ह्यांनी फिती लावल्या ते मला जूनमध्ये कळलं. तेही तुझ्याकडून, रेशनच्या रांगेत. तुला वाटायचं मी पुढे बसते. पण मला कुणी काही विचारलं नव्हतं बाई. कधीच."

चंदाबाईंना फार वाईट वाटलं. ज्या बाईचा अंबाडा त्यांनी तीन वर्षं मागून मोजला, तिचा चेहरा त्या वेळी कसा असायचा हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला, रघुवीरांचा त्याहून जास्त आला, आणि राग आला की चंदाबाईंना काय करायचं ते लगेच सुचायचं.

"रघुवीरभाऊ! इकडे या. ताट घेऊन या."

रघुवीर आले. बहात्तर वर्षांचा माणूस, पाठ अजून ताठ, पण पावलं जड झालेली.

"विचारा तिला."

"काय विचारू?"

"काहीही विचारा. सुरुवात तरी करा."

रघुवीरांनी बायकोकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि घसा खाकरला. त्यांचे कान लाल झाले होते.

"सुलक्षणा," ते म्हणाले, "मी... जेवायला घेऊ का?"

सुलक्षणाने त्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. भरलेला डाव पुन्हा पातेल्यात रिकामा केला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिने ते बाहेर येऊ दिलं नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "सांगते."

जमलेल्या सगळ्या घरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. आणि त्या हॉलमधला सगळ्यात सीनियर माणूस रिकामं ताट हातात धरून थांबला.